तिच्या चेहऱ्याचा ठराव

ठराव पास झाला तेव्हा टाळ्या अशा कडाडल्या की कँटीनच्या पत्र्यावर बसलेली माकडं पळत सुटली. पद्मजा रांगणेकर सभागृहात मागच्या बाकावर बसून गालातल्या गालात हसत होती. का हसू नये तिने? ठराव वाचून दाखवला होता विद्यार्थी युनियनच्या सेक्रेटरी गुरलीनने, तिच्या त्या खणखणीत आवाजात. पण त्यातला शब्द न् शब्द आमच्या पद्मजाबाईंचा होता.

विषय काय, तर एक चेहरा. दिल्लीतल्या त्या विद्यापीठाच्या कला विभागात, स्टोअरमध्ये, भुशाने भरलेल्या खोक्यात तो पडून होता. इंग्रजांच्या राज्यात कोणी एक साहेब मुलुखभर हिंडला, दिसतील त्या माणसांना आडवं निजवून त्याने त्यांच्या तोंडावर ओलं प्लास्टर थापलं आणि त्यांचे साचे काढले. 'नमुने' म्हणायचा तो त्यांना. गोरा माणूस वेगळा कसा आणि काळा वेगळा कसा, हे त्याला विलायतेत सिद्ध करून दाखवायचं होतं. पुढे राज्य गेलं, साहेब गेला, नमुने इकडून तिकडे फिरत फुटले, हरवले. उरला तो हा एक. कानामागे, प्लास्टर ओलं असतानाच कोरलेले दोन शब्द: स्त्री, सह्याद्री. नाव नाही, गाव नाही. कोंबडीच्या पिसांइतकीही किंमत नव्हती हो त्या बाईच्या नावाला.

पद्मजाची पीएच.डी. याच गोष्टींवर. कलाशिक्षणाचं निर्वसाहतीकरण! हा शब्द उच्चारायलाच आधी दोन घोट पाणी प्यावं लागतं, पण पद्मजा तो चहा पितापिता म्हणायची. तिने ठरावात लिहिलं होतं की या स्त्रीला खोक्यातून बाहेर काढावं. तिच्या चेहऱ्याच्या प्रती कराव्यात. स्थापनादिनी प्रत्येक विद्यार्थ्याने एकेक प्रत छातीशी धरून मेन गेटपर्यंत मोर्चा न्यावा, आणि विद्यापीठ जाहीर माफी मागत नाही तोवर हलू नये. गाईडबाई खूश होत्या. मोर्चा झाला की त्यावर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण, प्रकरण झालं की परदेशातली फेलोशिप, असा सरळ रस्ता दिसत होता. चार वर्षं घासलेल्या मुलीला असा रस्ता दिसला तर ती त्यावरून धावणारच.

प्रती करायच्या म्हणजे आधी रबराचा साचा हवा. दिवाळीच्या सुट्टीत स्टुडिओ बंद, म्हणून पद्मजाने रीतसर सही करून चेहरा आर. के. पुरमला घरी आणला. तिचे बाबा, विश्वनाथराव, केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. सरकारी क्वार्टर, मागे छोटीशी बाल्कनी, शेजारी मागचं दार आणि जिना. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून चेहरा न्याहाळला.

"ठराव केलात ना? झालं तर मग. आता वीस वर्षं काही होणार नाही," ते म्हणाले.

"बाबा, हे तुमचं मंत्रालय नाहीये."

आई मात्र हसली नाही. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं गं आई?"

"ही झोपलेली नाही, पद्मे. मेलेलीही नाही. बघ ना नीट. डोळे किती घट्ट मिटून धरलेत हिने. घाबरलीय ती."

"अगं, प्लास्टर थापताना जिवंतच होती ती. सगळे असेच डोळे मिटतात."

"असू दे. पण ही घरात नको बाई मला. काम झालं की लगेच ने."

पद्मजाने खांदे उडवले आणि बाल्कनीत टेबल मांडलं. साचा घेण्याआधी तिने त्या बाईच्या नाकपुड्यांत शाडूची माती दाबून भरली. हे कामातलं अगदी साधं तंत्र. खोल भोकं तशीच ठेवली तर रबर आत शिरून अडकतं, आणि ओढताना नाकाचा तुकडा पडतो. शिल्पकलेच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात. मग तिने वरून रबर ओतलं, हात धुतले आणि आईने दिलेले गरम शंकरपाळे खात बसली.

दुपारी बाबा पेपर वाचत होते. वाचता वाचता त्यांनी मान वर केली.

"कूलरचा पंप राहिलाय का गं चालू?"

"अहो, कूलर दसऱ्यालाच झाकून ठेवलाय," आतून आई म्हणाली.

मग तिघांनाही ऐकू आलं. बाल्कनीकडून आवाज होता तो. श्वास घेतल्याचा. दचकलेलं माणूस ओढतं तसा आत ओढलेला एक श्वास. तो सोडल्याचा आवाज येईल म्हणून तिघं थांबली. आलाच नाही. बराच वेळ वाट बघून बाबांनी पेपर उचलला, पण पान काही उलटलं नाही त्यांनी. पुन्हा तोच आवाज. पुन्हा फक्त आत.

"मांजर असेल," बाबा म्हणाले.

पद्मजा उठून बाल्कनीत गेली. रबराखाली चेहरा गप्प होता, शेजारच्यांच्या दोरीवर टॉवेल वाळत होता, खाली कोणी स्कूटरला किका मारत होतं. तिने स्वतःला चांगलं झापलं. भुताखेतांच्या गोष्टींना हसण्यात जिचं अर्धं तारुण्य गेलं तिने असं दचकावं?

सुट्टी संपली, पद्मजा हॉस्टेलवर परतली. साचा स्टुडिओत गेला, चेहराही गेला, आणि गुरलीनच्या युनियनमधली पोरं प्लास्टर कालवून धडाधड प्रती काढू लागली. तोवर दिल्लीवर दरसालचा तो धूर उतरला होता. तुम्ही दिल्लीत राहिला असाल तर सांगायला नको. सूर्य दुधात पडल्यासारखा दिसतो, डोळे चुरचुरतात, जो तो खोकतो. अशात पद्मजाची छाती भरून येऊ लागली तर नवल कसलं? डिस्पेन्सरीतला डॉक्टर तिला तपासून म्हणाला, "मॅडम, इस मौसम में साँस आती किसको है?" आणि त्याने दम्याचा पंप लिहून दिला.

पण पद्मजाचं दुखणं निराळं होतं, आणि ते तिला कोणाला सांगता येईना. तिला श्वास घेता यायचा. सोडता यायचा नाही. पाठीवर आडवी झाली की श्वास आत जाऊन बसायचा आणि कोणीतरी 'थांब' म्हटल्यासारखा तिथेच थांबायचा. ती घाबरून उठून बसायची तेव्हा कुठे सुटायचा. आताशा ती खुर्चीत बसूनच झोपत होती.

आणि त्या प्रती! एरवी प्लास्टर दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतं. याही वाळल्या, पण नाकाखालचा भाग सोडून. वरच्या ओठावर प्रत्येक प्रतीला ओल. पुसली की परत. गुरलीन म्हणाली, माल खराब आलाय, दुकानदाराला शिव्या घातल्या पाहिजेत. दुसरा माल आणला, त्याच्याही प्रती तशाच. स्टुडिओच्या फळीवर ओळीने मांडलेले ते तेच ते चेहरे, आणि सगळ्यांच्या ओठांवर ती ओल. पोरं आधी चेष्टा करायची, "दीदी, इनको ज़ुकाम है." हळूहळू चेष्टा बंद झाली. फळीकडे पाठ करून कोणी काम करेना.

पद्मजाला आठवली ती माती. तिने मूळ चेहरा काढला, टाचणीने नाकपुड्यांतली शाडू कण न् कण कोरून काढली, फुंकर मारली, ब्रशने साफ केली. करताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी हं," ती पुटपुटली, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं. तिला वाटलं, सुटले. कसलं काय! त्या दुपारी स्टुडिओत ती एकटी असताना तिच्या मागे तो श्वास आत ओढला गेला. तसाच. सोडणं नाहीच.

"सोड हे सगळं," आई फोनवर म्हणाली. रोज म्हणत होती. "तिला सोड, पद्मे. काय हवंय तुला तिच्याकडून?"

"आई, मी तिच्याच बाजूने लढतेय!"

"ते तुला माहीत. तिला कुठे माहीत आहे?"

"ठराव झालाय आई. आता मागे नाही येता येत. माझं शेवटचं प्रकरण आहे ते."

आईने फोन ठेवला. रागावली की ती काही बोलायची नाही, नुसती ठेवून द्यायची.

मोर्चाच्या आदल्या आठवड्यात पुन्हा आमसभा झाली. बाकीचं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बळवंत पाडवी उभा राहिला. नंदुरबारकडचा मुलगा, इतिहासात एम.ए. करणारा, एरवी सभेत तोंड न उघडणारा. हिंदीत सुरुवात केली त्याने, पण बोलता बोलता पद्मजाकडे वळून मराठीवर आला.

"ताई, साहेबाने तिला विचारलं नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. मग तुम्ही विचारलं का? त्याने तिचा एक चेहरा काढला. तुम्ही किती काढले?"

उत्तरं पुष्कळ होती तिच्याकडे, तळटिपांसकट होती. ती वही उघडून पानं चाळू लागली.

"मी मोर्चाच्या विरोधात नाही," बळवंत म्हणाला. "माझी उपसूचना एवढीच आहे. जिने ठराव लिहिला तिने आधी स्वतः त्या प्लास्टरखाली निजावं. तिला काय वाटलं असेल ते एकदा कळू दे. मग खुशाल काढा मोर्चा."

गुरलीनने उपसूचना मताला टाकली. झाडून सगळे हात वर गेले. पद्मजानेही केला. नाही कसा करणार?

तर अशी, स्थापनादिनाच्या सकाळी, पद्मजा स्टुडिओतल्या लांब टेबलावर आडवी झाली. शेजारी, हाताच्या अंतरावर, पांढऱ्या फडक्यावर त्या बाईचा मूळ चेहरा. मोर्चासाठी सगळ्यात पुढे तोच न्यायचा होता. गुरलीनने पद्मजाच्या भुवयांना, पापण्यांना व्हॅसलीन चोपडलं, केस बांधले, नाकात दोन स्ट्रॉ घातले.

"दीदी, अब हिलना मत. बोलना भी मत. हो जाएगा तो मैं बोल दूँगी."

पाठीवर निजल्यानिजल्याच पद्मजाची छाती आवळली होती. तरी तिने अंगठा वर करून दाखवला. गार, जड लगदा आधी कपाळावर पडला, मग डोळ्यांवर. उजेड गेला. गालांवर, ओठांवर, हनुवटीवर. आवाज विहिरीच्या तोंडाशी बोलल्यासारखे दूर गेले. थोड्या वेळाने प्लास्टर गरम व्हायला लागलं. पुस्तकात वाचलेलं होतं तिने, घट्ट होतं तसं तापतं. पण वाचणं वेगळं. हे तिचंच तोंड होतं, आणि ते तिच्या ताब्यात राहिलं नव्हतं.

मग बाहेर गलका झाला. पळती पावलं. कोणीतरी दारातून ओरडलं, गेटला कुलूप लावलंय, पोलीस बोलावलेत, चलो सब!

"एक मिनट, दीदी, अभी आयी," गुरलीनचा आवाज. मग तिचीही पावलं. दार आपटलं. पाठोपाठ सगळं शांत.

पद्मजा थांबली. एक मिनिट म्हणाली होती ना गुरलीन. ते कधीच होऊन गेलं. प्लास्टर तापून तापून आता थंड व्हायला लागलं होतं. म्हणजे झालं होतं. हात मोकळे होते तिचे. उचलून काढून ठेवायचं, बस्स. कोणी बांधून थोडंच ठेवलं होतं? पण हात काही उठेनात. हलू नको म्हटलंय. झालं की सांगते म्हटलंय. मधेच हललं तर बिघडेल, ओरडा बसेल, परत करावं लागेल. शिकली-सवरलेली, युनियनचे ठराव लिहिणारी मुलगी, पण त्या अंधारात तिला फक्त एवढंच कळत होतं की सांगेपर्यंत हलायचं नाही. श्वास आत घेतला होता तो तिने तसाच धरून ठेवला.

आणि तेव्हा शेजारून आवाज आला. आत ओढलेला श्वास. मग काही नाही.

पद्मजाला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी इतकं जवळचं तिला कोणीच वाटलं नव्हतं. दोघी शेजारी शेजारी निजल्या होत्या. दोघींनी डोळे गच्च मिटले होते. दोघींना कोणीतरी हलू नको म्हणून गेलं होतं. तिला लख्ख दिसलं, की ही बाई रागावलेली नाही, सूड घ्यायला आलेली नाही, कोणाची माफीही नकोय हिला. ही वाट बघतेय. साहेबाने साचा उचलला, पेटीत घातला, तो निघून गेला. खरी बाई उठून घरी गेली असेल, पोराबाळांत रमली असेल, मेलीही असेल. पण ही, साच्यातली, तिथेच राहिली. हिला कोणी सांगितलंच नाही. आणि पद्मजाने काय केलं, तर हिला पुन्हा निजवलं. पुन्हा, आणि पुन्हा, फळी भरेपर्यंत.

पद्मजाने दोन्ही हातांनी आपल्या तोंडावरचं प्लास्टर ओरबाडून काढलं. भुवईचे केस तुटले, गालाचं सालटं निघालं. ते बाजूला टाकून ती टेबलावर उठून बसली, आणि तिने तो चेहरा ओंजळीत उचलून घेतला. काय म्हणायचं अशा वेळी? हिची बोली कोणती, कोणाला ठाऊक. आपली आहे तीच भाषा, तीत सांगायचं.

"झालं," ती म्हणाली. "झालं बाई. ऐकू येतंय का? संपलं सगळं. सुटलात तुम्ही. उठा आता, घरी जा."

हातातलं प्लास्टर आधी तसंच गार होतं. मग तिच्या मनगटांवर ऊब लागली. ओठांपाशी सुरू झालेला तो श्वास लांबच लांब येत राहिला, बाहेर, बाहेर, शेतातून दमून आलेलं माणूस ओसरीवर टेकतं आणि सोडतं तसा. फळीवरून, त्या सगळ्या चेहऱ्यांकडूनही तोच येत होता. पद्मजाचाही सुटला, किती दिवसांनी. ती रडत रडत हसली. तिने चेहरा कानाशी धरला.

आता पुढचा येईल म्हणून ती ऐकत राहिली. पुढचा आला नाही. तिने आणखी वाट बघितली. ऊब हळूहळू गेली, आणि हातात नुसतं प्लास्टर राहिलं. तेव्हा तिला समजलं आपण काय ऐकलं ते, आणि ती हमसून हमसून रडू लागली.

गुरलीन आणि पोरं धावत आली ती विजयी आरोळ्या देत. कुलूप काढायला लावलं होतं त्यांनी. "दीदी, गेट खुल गया! चलो, उठाओ सब!" म्हणत ती पुढे झाली, आणि पद्मजाला बघून दारातच थबकली. अर्ध्या तोंडाला प्लास्टर, भुवईतून रक्त, मांडीवर तो चेहरा.

"मोर्चा नाही निघणार," पद्मजा म्हणाली.

"क्या मतलब? रेज़ोल्यूशन पास है, दीदी! आपका ही है!"

"माहीत आहे. नहीं निकलेगा, गुरलीन. कोई हाथ मत लगाना इनको."

शेवटचं प्रकरण गेलं, फेलोशिप गेली, हे सगळं तिला बोलताबोलता कळत होतं. कळून काही वाटलं नाही. गुरलीन चिडून काही बोलणार होती. पण मागून बळवंत आला. त्याने पद्मजाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. प्रत्येक ओठ कोरडा ठणठणीत. तो मागे वळला. दाराबाहेर गेला, चपला काढून ठेवल्या आणि मग आत आला. त्याच्यामागून एकेक करून बाकीच्यांनीही काढल्या, का काढतोय ते न विचारता.

पद्मजाने घरी फोन लावला. आईने उचलला, पण बोलली नाही. राग होता अजून.

"आई," पद्मजा म्हणाली, "ती गेली गं."

कोण गेली, कधी गेली, प्रमोदिनीबाईंनी काही विचारलं नाही. पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तशीच आत शिरू नकोस," त्या म्हणाल्या. "मागच्या दाराने ये. मी पाणी तापवून ठेवते. डोक्यावरून आंघोळ करायची हं. मी पण करते."